दुकानातली शुद्ध भाषा

आमच्या चपला-बुटांच्या दुकानात दोन भाषा चालतात. गिऱ्हाइकाशी बोलायची ती गोड आणि गिऱ्हाइकाबद्दल बोलायची ती खरी. ही खरी भाषा मामांनी घडवली, असं मामाच सांगतात. मामा म्हणजे आमचे सगळ्यात जुने सेल्समन. दाराजवळच्या स्टुलावर बसतात आणि येणाऱ्याच्या पायाकडे बघून त्याची ऐपत सांगतात. सगळी खोकी उघडायला लावून काहीच न घेणारा तो 'ढग'. त्याला गोड बोलून बाहेर काढायचं, म्हणजे 'ऊन दाखवायचं'. मी गल्ल्यावर नवी बसले तेव्हा मामांनी हे शब्द माझ्याकडून पाढ्यांसारखे घोकून घेतले होते. चुकलं की दुपारचा चहा बंद.

पण गिऱ्हाईक काही दूधखुळं नसतं. एकदा एक बाई सँडलचा पट्टा लावता लावता म्हणाल्या, "मामा, मला ढग म्हणू नका हो, आज खरंच घेणार आहे." त्याच दिवशी नव्या सेल्समन पोरांनी 'ढग' मोडीत काढला, आणि बरोबरच केलं. किल्ली गावभर झाली की कुलूप बदलावंच लागतं. 'ढगा'चा 'पाहुणा' झाला, तोही फुटला, मग आणखी काहीतरी आलं. 'ऊन दाखवणं' गेलं आणि 'शनिवार करणं' आलं. शनिवारच का, हे कुणालाच ठाऊक नाही. दोघांना हसू आलं, शब्द रुजायला तेवढं पुरतं.

मामांचा तिळपापड झाला. भाषा बाटवली म्हणाले. नवा शब्द तोंडात घेणार नाही आणि कानातही शिरू देणार नाही, अशी प्रतिज्ञा केली. मी शिकवायला गेले तर माझ्यावरच घसरले. आपण तरुणपणी आपल्या वस्तादाचे सगळे शब्द उकिरड्यावर फेकले होते, हे मात्र सोयीस्कर विसरले. तेव्हा म्हातारा रुसून जेवेना, हे त्यांनीच मला फुशारकीने सांगितलं होतं. आता स्वतःवर आलं तर जग बुडालं. मामा जुन्या सवयीने मोठ्यांदा 'ढग' म्हणत राहिले आणि ढग रागावून जात राहिले, जाताना घेणाऱ्या मैत्रिणीलाही ओढून नेत. धाकट्या मालकांनी हे बंद करा म्हणून दोनदा बजावलं. भाषेच्या बाबतीत मी मालकांचंही ऐकत नाही, असं मामांनी सुनावलं.

परवा दुपारी दुकानात कुणी नव्हतं. धाकटे मालक पोरांपाशी आले. पोरांच्या बोलीत मामांचं नाव 'अँटेना', तेही मालकांनी उचललं होतं. मामा हाताच्या अंतरावर बुटाला ब्रश मारत होते आणि मालक सहज म्हणाले, "अँटेनाचा शनिवार करतोय. महिनाअखेर."

पोरांनी माना खाली घातल्या. मामांनी मान वर केली आणि ते हसले. ते हसू मी चांगलं ओळखते. आपल्याबद्दल काहीतरी शिजतंय, पण विचारलं तर आपलीच शोभा, म्हणून गिऱ्हाइकं हसतात ते. त्याची नक्कल करून मामांनी आम्हाला वर्षानुवर्षं पोट दुखेपर्यंत हसवलं होतं. मला संताप आला. मालकांचा आला, कारण तोंडावर सांगायची धमक नव्हती. मामांचाही आला, कारण ती सोय त्यांनीच करून ठेवली होती.

थोड्या वेळाने पाणी प्यायचं निमित्त करून मामा गल्ल्यापाशी आले. पोरांकडे पाठ करून हळूच विचारलं, "काय म्हणाले गं मघाशी?"

पोरांची बोली त्यांना कळली नसती, आणि सरळ सांगायला माझी जीभ रेटेना. मग मला घोकून घेतलेले शब्द आठवले.

"मामा, तुम्हाला ऊन दाखवायचं ठरलंय. महिनाअखेर."

त्यांना लगेच कळलं. गल्ल्याच्या काचेवर हात टेकून ते उभे राहिले, दाराजवळच्या स्टुलाकडे बघत. डोळे भरून आले होते, पण मान ताठच होती.

"निदान तू तरी शुद्ध बोललीस," मामा म्हणाले.