प्रार्थनेची दहा मिनिटं

गणिताच्या बाईंचं देवाशी काही वाकडं नव्हतं. देव आहे असं त्यांना वाटतच नव्हतं, मग भांडायचं कुणाशी? पण सरकारी शाळेत रोज सकाळी सगळ्यांनी हात जोडून ज्याच्याकडे बुद्धी मागायची, त्याच्यापुढे आपण नुसते ओठ हलवणं हा शुद्ध खोटेपणा आहे, असं अकरा वर्षांपूर्वी त्यांनी मोठ्या बाईंना लेखी कळवलं. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "बरं, तुम्ही शिक्षकखोलीत बसत जा. फक्त त्यावरून भाषणं नकोत."

झालं. बाईंनी कंबर कसली होती, आणि समोर लढायला कुणी नाहीच. तेव्हापासून प्रार्थनेची दहा मिनिटं त्या एकट्या बसायच्या. मैदानातल्या कर्ण्याचा आवाज नको म्हणून खिडकीही घट्ट लावून घ्यायच्या.

आता गंमत अशी, की प्रार्थना संपली की त्याच कर्ण्यावरून शाळेच्या सगळ्या बातम्या सांगायची रीत होती. कुणाची बदली झाली, कुणाला मुलगी झाली, कुणाचं माणूस गेलं. एकदा सांगितलं की सगळ्यांना कळलं, असं धरून चालायचे. एके दिवशी बाईंनी भूगोलाच्या सरांना हसत विचारलं, "काय म्हणतोय आईंचा गुडघा?" आईंना जाऊन चार दिवस झाले होते. तेव्हापासून सर डबा खाताना बाईंकडे पाठ करून बसू लागले. बाईंनी पुढे माफी मागितली, तीही त्यांनी पाठमोरीच ऐकली. इतरांचं काय सांगावं, तोंडावर गोड आणि मागे म्हणायचे, "हिला ना देव, ना माणसं." घरी तरी कोण होतं? एक थोरली बहीण, ती महिन्यातून एकदा फोन करायची आणि "अजून तुझं तेच का गं?" एवढं विचारून ठेवून द्यायची.

यंदा शाळा सुरू झाली आणि सातवीतली एक पोरगी शिक्षकखोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. लुकडी, एका वेणीची रिबीन सुटलेली. हातात वडिलांची चिठ्ठी.

"बाई, मलापण ते खरं वाटत नाही. मी इथे बसू?"

बाईंनी खुर्ची ओढून दिली. मग रोजच दोघी ठिपके जोडून चौकोन करायचा खेळ खेळू लागल्या. हरली की पोरगी सरळ म्हणायची, "बाई, तुम्ही चीटिंग करता." बाईंशी असं बोलायची अख्ख्या शाळेत कुणाची टाप नव्हती, आणि बाई चक्क खूश व्हायच्या. घरून दोन पेन्सिलींना टोक करून आणायच्या. खोटं कशाला बोला, त्यांना पोरीचा लळा लागला. सकाळी शाळेत जायचं म्हणून पाय उचलावेसे वाटणं, हे त्या विसरूनच गेल्या होत्या.

मग एका मंगळवारी प्रार्थना सुटल्यावर शिपाईमामा खडू घ्यायला आत आले आणि पोरीला बघून थबकले. "अगं, तू इथे होय? आज वाढदिवस ना तुझा? दोनदा नाव पुकारलं. मग गैरहजर म्हणून पुढचं नाव घेतलं."

वाढदिवसाच्या मुलाला पुढे उभं करायचं आणि अख्ख्या शाळेनं टाळ्या वाजवायच्या, हीसुद्धा त्या कर्ण्याचीच रीत. पोरगी आज नवा फ्रॉक घालून आली होती, हे बाईंच्या आत्ता लक्षात आलं.

"चालतं," पोरगी म्हणाली आणि अर्धवट राहिलेला चौकोन पुरा करू लागली. पेन्सिल कागदातून आरपार गेली.

खिडकी त्यांनीच लावली होती. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी स्वतःला खूप समजावलं, की पोरगी आपल्या मनानं येते, वडिलांची चिठ्ठी आहे, आपण कुठे बोलावलं? सगळं खरं होतं. पण पोरगी गेली तर आपण पुन्हा एकट्या, म्हणून हे सुचतंय, तेही खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची ओढली नाही.

"तू मैदानात जा. हात जोडू नकोस, काही म्हणू नकोस. नुसती तुझ्या ओळीत उभी राहा."

"पण मग ते खोटं होईल ना?"

"मैत्रिणींशेजारी उभं राहण्यात कसलं आलंय खोटं?"

पोरीनं जरा विचार केला. "मग बाई, तुम्ही का नाही आलात कधी?"

"पळ, ओळ लागली असेल," एवढंच त्या म्हणाल्या. पोरगी दारापर्यंत चालत गेली, पुढे पळत सुटली.

अकरा वर्षांत ही साधी गोष्ट बाईंना सुचली नव्हती. आज सुचली ती दुसऱ्यासाठी, आणि आता मैदानात त्यांच्यासाठी शेजारची जागा धरून ठेवणारं कुणी उरलं नव्हतं.