काढण्यासाठी आणखी एक थर

"पातळ मारू नका हं ताई," रंगाच्या दुकानातला माणूस म्हणाला होता. "हा रबराचा रंग आहे. जाड बसला तर पुढेमागे सालीसारखा अख्खा सोलून निघतो. पातळ राहिला तर बसाल नखाने कोरत."

"काढायचाय कोणाला?" असं म्हणून धाकटीने कडेवरच्या आपल्या बाळाच्या मुठीतून दुकानातला ब्रश सोडवला आणि हाताला लागले तेवढेच स्प्रेचे डबे घेऊन ती निघाली. तिला घाई होती. घाईचं कारण होतं तिचा मोठा भाऊ.

तिची आई शिवणयंत्रं दुरुस्त करते. बिडाची जुनी यंत्रं काही कोणी उचलून आणत नाही, त्यामुळे आईच मोटरसायकलवर हत्यारांची पेटी बांधून घरोघर जाते. गाडी पहिल्यापासून आईचीच. बाबांना सायकलच्या पुढे काही जमलं नाही. ते होते तोवर आनंदाने मागे बसायचे आणि वळणावर डोळे मिटायचे.

मागच्या महिन्यात एका वळणावर खडी पसरली होती. आईने पाय टेकवला, पाय सरकला आणि गाडी सावकाश उजव्या कुशीवर निजली. आईचा गुडघा खरचटला. गाडीचं प्लास्टिक आधीच उन्हाने पांढुरकं पडलेलं, त्यात उजवं साइड पॅनल पार खरवडून निघालं. तेव्हापासून दादा आला की आधी त्या पॅनलवर बोट फिरवायचा, डॉक्टरने एक्स-रे वाचावा तसा.

"हे बघ आई. उद्या इथे तुझं हाड असेल."

"हाडाला रंग मारता येत नाही. पॅनलला येतो," आई म्हणाली.

आई बोलून गेली आणि धाकटीच्या डोक्यात तेच बसलं. ओरखडे दिसलेच नाहीत तर दादा बोलणार कशावर?

आता धाकटी ही अशी, की बाळ झोपलं तरी त्याच्या नाकाशी बोट धरून बघणारी. कॉलेजात शिकली, पदवी घेतली, आणि त्या सगळ्या शिक्षणाचा उपयोग औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायला करणारी. आई गाडीवर बसली की तीही दहादा खिडकीशी जाऊन यायची. पण दादाच्या बोलण्यापायी तो महिनाभर आई घरी बसली होती, ते तिला त्याहून बघवेना. आईने मिक्सर उघडला, दारावरची बेल उघडली, शेवटी बाळाच्या खुळखुळ्याला स्क्रूड्रायव्हर लावला तेव्हा धाकटी म्हणाली, "बास. पॅनल काढून दे मला."

आईने पॅनलं, पुढचं मडगार्ड, दिव्याभोवतीचं कवच, सगळं सुटं करून दिलं. धाकटीने ते भांड्यांच्या साबणाने घासलं, वाळवलं, गच्चीवर कपड्यांच्या दोरीला तारेने टांगलं. बाळाला आईजवळ आतल्या खोलीत ठेवून खिडक्या लावून घेतल्या, तोंडाला फडकं बांधलं आणि गर्द हिरवा रंग मारायला घेतला. डबे कमी, तुकडे जास्त. तिने रंग पुरवून पुरवून मारला, लोणी कमी असलं की पावावर पसरतात तसा. पण वाळल्यावर ओरखडे झाकले होते खरे.

"अगं, ही तर नवरी झाली!" आई म्हणाली. संध्याकाळी दादा आला तेव्हा ती पॅनलांसमोर स्टूल टाकून बसली होती.

दादाने रंग बघितला. "छान आहे. फक्त आता हा काढावा लागेल. उद्या एक जण गाडी बघायला येतोय. छोटीने दुपारी पाठवलेला फोटो मी त्याला धाडला, तर म्हणतो ताजा रंग दिसतोय, खाली काय लपवलंय?"

"तुला कोणी सांगितलं गिऱ्हाईक आणायला?"

"आई, तू पडलीस."

"पडले, आणि उठले. उठलेलं कोणी मोजत नाही का?"

दादा धाकटीकडे वळला. "सोलतो ना हा? फोनवर मिरवत होतीस, नाही आवडला तर सोलून टाकू म्हणून. मग सोल."

तिने कडेला नख घातलं. उन्हाने भाजलेल्या पाठीची कातडी निघावी तशी इवलीशी टिकली हातात आली. पुन्हा घातलं, पुन्हा टिकली. दादाने घासून बघितलं, तर हिरव्या अळ्या नुसत्या. शेवटी तिने दुकानात फोन लावला. पलीकडचा माणूस आधी मनसोक्त हसला.

"आता एकच उपाय ताई. वरून आणखी मारा. ओला थर खालच्याला धरून बसेल. चांगला जाड होऊ द्या, पुरता वाळू द्या, मग ओढा."

"काढण्यासाठी आणखी लावायचा?" दादा ओरडला. "हे म्हणजे पोट कमी करायला जेवण वाढवायचं!"

तरी तो स्वतःच गेला आणि पिशवी भरून डबे घेऊन आला. भाऊ हट्टी असला तरी हात आखडता घेणारा नव्हे. आधी नुसता पॅनल धरून उभा राहिला, मग "इथे राहिलंय, आण इकडे," म्हणत डबाच हिसकावून घेतला. अंधार पडेपर्यंत दोघं भावंडं थरावर थर चढवत होती आणि आई खाली अंगणात काहीतरी ठोकत होती.

सकाळी रंग असा बसला होता की हात फिरवला तर पावसात भिजलेल्या जाड पानावरून फिरल्यासारखं वाटावं. दादानेही दोनदा वळून बघितलं. सगळे तुकडे खाली अंगणात गाडीपाशी आणले. मग गिऱ्हाईक आलं, हेल्मेट काखेत, नजर उजव्या पॅनलवर.

"ओढ," दादा म्हणाला.

धाकटीने कोपरा उचलला. या वेळी रबर ताणत, हळूहळू, सलग येऊ लागलं. खालचा पहिला ओरखडा दिसला आणि तिचा हात थांबला. एवढी मेहनत करून झाकलेलं आपणच परक्या माणसापुढे उघडं करायचं?

"थांबलीस का?" आई मागून म्हणाली. "ओढ ना. बघू दे त्यांना. मी चोरी केलेली नाही, मी पडलेय."

धाकटीने ओढलं. अख्खं पॅनल सोललं गेलं आणि हिरवी कातडी दादाच्या हातात लोंबकळली. गिऱ्हाईक वाकून बघू लागलं. "एवढंच होय? हे तर काहीच नाही. घेतो मी."

"विकायची नाहीये," आई म्हणाली. "तुम्ही आलात, चहा घेऊन जा. गाडी माझी आहे."

गिऱ्हाइकाने दादाकडे असं बघितलं की दादाला चहाही कडू लागला असता. आईने ते ओरखड्यांचं पॅनल बोडकंच, बाकीचे तुकडे हिरवेच गाडीला बसवले आणि स्क्रू आवळायला लागली.

"अगं, त्याला तरी पुन्हा रंग मारू दे," धाकटी म्हणाली.

"कशाला? मी का पडले ते तुमच्यापैकी कोणी विचारलंत? सगळी हत्यारं एका पेटीत, पेटी एका बाजूला. गाडी आधीच कलती. खडी तर नुसतं निमित्त." तिने काल ठोकून बसवलेल्या दोन कड्या दाखवल्या. एक इकडे, एक तिकडे, दोन्हींना सारख्या वजनाच्या पिशव्या. "रंग मारून हे सुधारणार होतं का?"

दादाने शेवटचा डाव टाकला. "छोटे, तू सांग तिला. आपल्या घरात सगळ्यात भित्री तू. तुझं ती ऐकेल."

धाकटीने केस सोडवायला बाळाची मूठ धरली. बाळ कडेवर तिचे केस ओढत होतं.

"मला भीती वाटतेच," ती म्हणाली. "ती गेली की परत येईपर्यंत वाटत राहील. पण ती माझी भीती आहे दादा, मी सांभाळीन. त्यापायी आईची गाडी जाणार नाही. कोणाला आणायचं असेल गिऱ्हाईक, तर आधी माझ्याशी गाठ आहे."

दादाने हातातली हिरवी कातडी बघितली, घडी घालायचा प्रयत्न केला, जमेना, तशी ती अंगणाच्या कठड्यावर टाकून तो पिशवीचा पट्टा आवळायला वाकला. "कड्या तरी नीट बसवल्यात का," एवढंच पुटपुटला.

आई गाडी काढून कामाला गेली. तिला बोलावणं आलं होतं, एका शिंप्याचं यंत्र टाके सोडत होतं. पोहोचल्यावर फोन करते म्हणाली, म्हणजे करणार नाही. एकदा यंत्रात डोकं घातलं की तिला जग आठवत नाही.

तेव्हा तुम्हीच एक करा. पुढून हिरवी आणि उजव्या अंगाला खरवडलेली मोटरसायकल तुमच्या गल्लीत उभी दिसली, तर आत जरा डोकावून बघा. बाई ठीक आहे ना, पाणी प्यायली ना, एवढंच. हात धरायला जाऊ नका, चिडेल. आणि घरी लेक काळजी करतेय हे तर मुळीच सांगू नका; फक्त तिला बघा, आणि इकडे धाकटीला तेवढं कळवा.