मेंढा आणि काळी काच

जन्म

नव्या जातीचं सौर पॅनेल. काचेवर काळा थर, केसाहून पातळ. थरात कॅडमियम, विषारी धातू. बनवायला जुन्या पॅनेलपेक्षा कितीतरी कमी वीज लागते.

इथवर सुकन्यानं न अडखळता लिहिलं. साल १९९७. सणसरच्या म्हस्कूची मुलगी, बारामतीला एम.एस्सी. करणारी. हे पॅनेल माती-पाण्याला किती झेपेल, हा तिचा विषय. तिनं अहवालावर सही केली तर कंपनी गावोगाव पॅनेल लावणार होती.

जगणं

चाचणीचा पंप म्हस्कूच्याच विहिरीवर बसला. उन्हावर पाणी, थेट मेंढरांच्या डोणीत. धूर नाही, डिझेल नाही.

"लिहा मॅडम, शंभर टक्के स्वच्छ," कंपनीचे इंजिनिअर नागेशराव म्हणाले.

"आणि फुटलं तर?"

"फुटत नाही. गारांच्या चाचणीत पास झालंय."

"फुटलंच, तर काचा कोण नेणार?"

"बारशालाच मयताचं काय काढता?"

म्हस्कू मध्ये पडला. "पोरी, पानी येतंय त्ये बघ की. तुज्या शंकंपायी पंप गेला तर मी पुन्ना डिझेलची क्यानं वाहू व्हय?"

ते तिला लागलं. पण सही तिनं केली नाही.

(मधेच)

धूळ पुसायला हात पोचावा म्हणून म्हस्कूनं पॅनेल खाली लावून घेतलं होतं.

कळपातल्या मेंढ्यानं काळ्या काचेत पाहिलं. आत दुसरा मेंढा. तेवढाच दांडगा, तेवढाच उद्धट. हा चार पावलं मागं सरला. तोही सरला.

मग टक्कर.

"गारा परवडल्या," म्हस्कूची बायको साखरबाई म्हणाली.

मरण

काचा डोणीतही उडाल्या होत्या. सुकन्यानं आधी डोणीतलं पाणी ओतून दिलं. मग काचा वेचल्या, कॉलेजात नेऊन पाण्यात ठेवल्या. पाण्यात कॅडमियम उतरलं. थोडं, पण उतरलं.

"मेंढा काय चाचणीत धरतात?" नागेशराव.

"तुमच्यात नसतील धरत," सुकन्या म्हणाली.

म्हस्कू नागेशरावांकडं वळला.

"सायेब, मेंढरू घेताना आमी बाजारात आधी इचारतो, वाटंत मेलं तर कुनाचं. माजी पोरगी त्येच इचारत हुती, आन् मीच तिला गप केलं. न्या तुमचा पंप. मेल्यालं बी नेनार असशिला, तर परत या."

नेला. म्हस्कू पुन्हा क्यानं वाहू लागला. कुरकुरला नाही.

पुन्हा जन्म

दिवाळीनंतर कंपनीचा टेम्पो आला. थर आता दोन काचांच्या मधे, कडा डांबरासारख्या गोंदानं बंद. फुटलेलं पॅनेल कारखान्यात परत घ्यायचं, हेही कंपनीनं लेखी दिलं.

सुकन्यानं त्यातलं एक मागून घेतलं आणि सगळ्यांसमोर हातोड्यानं फोडलं. तडे गेले, काच सुटली नाही. तुकडा महिनाभर पाण्यात ठेवला. पाण्यातलं कॅडमियम मापात.

तिनं सही केली. ठळक.

पॅनेल या वेळी उंच खांबावर चढलं. डोण काठोकाठ भरली.

"कारखान्यात आता नवी चाचणी आहे," नागेशराव हसत म्हणाले. "वजन झुलवून काचेवर आदळायचं. पोरं तिला मेंढाच म्हणतात."

"ऐकलं का रं?" साखरबाईनं मेंढ्याला विचारलं.

त्यानं वर पाहिलं. शत्रू कुठंच नव्हता. मग त्यानं डोणीत तोंड घातलं आणि पोटभर पाणी प्यायला.