मोहाखालचं शेत

विधवेनं धाकट्या दिराच्या घरी नांदायला जायचं, ही वसावा आदिवासींची जुनी रीत. पण सोनजी गेल्यावर त्याची बायको रमतीबेन भर पंचात म्हणाली होती, "या खातरियापेक्षा बैल बरा, निदान दारू तरी पीत नाही." लोक पोट धरधरून हसले. तेव्हापासून तिचा दीर खातरिया तिच्यावर खार खाऊन होता.

आज त्याची पाळी आली. डेडियापाड्याकडच्या त्यांच्या गावात, शाळेच्या पडवीत वनहक्क समिती बसली होती. जंगलखात्याच्या जमिनीवर जो दोन हजार पाचच्या आधीपासून नांगर धरत होता, त्याच्या नावावर ती होणार होती. बाकीच्यांनी खात्याची जमीन सोडायची. रमतीबेनची चूल टेकडीवरच्या त्या एका शेतावरच पेटत होती. तिला शेजारच्याची साक्ष हवी होती, आणि शेजारी एकच, खातरिया.

"तिथं तेव्हा जंगल होतं," तो म्हणाला. "भाऊ मेल्यावर हिनं तोडलं."

"दरवर्षी पेरणीला माझ्या शेतात जेवायला येत होतास की रे, मेल्या."

"मला काही आठवत नाही, भाभी."

समितीचे प्रमुख दमणियाभाई चिडले. "एक काहीतरी बोल."

"माणसाची जीभ कशीही वळते," खातरिया म्हणाला. "नितेशच्या लॅपटॉपवर बघा. वरून दिसतं तेच खरं धरा. सगळ्यांना एकच नियम."

समितीची लिखापढी करणाऱ्या नितेशनं लॅपटॉप उघडला. पृथ्वीचा निळा गोळा गर्रकन फिरला, गुजरात जवळ आला, मग नदी, मग याच शाळेचं छप्पर. त्यानं सालांची पट्टी मागे सरकवत दोन हजार पाच आणलं. रमतीबेनची टेकडी तपकिरी, उघडी होती आणि कडेला पेरणीआधी पालापाचोळा जाळून राब भाजल्याचे काळे डाग होते. ते डाग सोनजीच्या हातचे होते.

"मंजूर," दमणियाभाई म्हणाले. "आता शेजारचं, खातरियाचं दाखव."

शेजारी नुसतं हिरवंगर्द रान होतं.

खातरियाचं तोंड उतरलं. त्याच्या बापानं मोहाचं एकही झाड तोडलं नव्हतं, झाडांच्या मधूनच नांगर फिरवला होता. वरून बघणाऱ्याला फक्त फांद्या दिसत होत्या.

"खाली शेत आहे," तो म्हणाला. "कोद्रा पेरतो आम्ही."

"नियम तूच सांगितलास," दमणियाभाई म्हणाले. "तरी विचारतो. शेजारच्याची साक्ष आहे?"

सगळ्या माना रमतीबेनकडे वळल्या. नवी नवरी असताना तिनं त्याच मोहांखाली कंबर मोडेस्तोवर निंदणी केली होती. एका शब्दानं त्याचं शेत वाचलं असतं.

"भाभी, सांग ना. तू निंदलंयस तिथं."

त्याचा तो केविलवाणा आवाज ऐकून तिला बरं वाटलं. फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगायचं.

"मला काही आठवत नाही," ती म्हणाली.

दमणियाभाईंनी खातरियाच्या नावापुढे 'जंगल, नामंजूर' असं लिहिलं आणि पुढचं नाव पुकारलं.

तिच्या घरची वाट खातरियाच्या शेतातूनच जात होती. मोहांखाली नुकतीच नांगरट झाली होती. एका मोठ्या ढेकळावर तिचा पाय मुरगळला आणि ती कळवळून खालीच बसली. मागून खातरिया येत होता. तो तिच्यापाशी थांबला, त्यानं तिच्या पायाकडे बघितलं, पण हात काही पुढे केला नाही.

"जंगल आहे, भाभी," तो म्हणाला. "जपून चालावं."

आणि तो पुढे निघून गेला.