कोरडा चमचा

हाडांच्या वॉर्डात रुग्णांची ताटं वाटायचं आणि उचलायचं काम ज्यांच्याकडे होतं, त्यांना सगळेजण ताटमावशी म्हणत. पन्नाशी उलटलेल्या, अंगानं काटकुळ्या, पण ढकलगाडीवर तीस ताटं लादून वळणावरून जाताना एक वाटीसुद्धा हिंदकळू द्यायच्या नाहीत. मी तिथं आहारतज्ज्ञ म्हणून रुजू झाले तेव्हा पहिले दोन महिने आमचं बोलणं 'गाडी येतेय, मॅडम' आणि 'हो, मावशी' यापुढे गेलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांच्याकडून मला काही शिकता येईल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

त्या दिवसांत बाराव्या खाटेवर बाइंडरकाका होते. वय एकाहत्तर. उभा जन्म पुस्तकांची बांधणी करण्यात गेलेला, त्यामुळे बोटांची टोकं सरसानं कडक झालेली. घरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, तेही छान पार पडलं. पण पडून राहून राहून डाव्या टाचेला जखम झाली आणि ती काही केल्या भरेना. डॉक्टरांनी औषध बदललं. सिस्टर दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायच्या, पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवायच्या. जखम जशीच्या तशी.

मग प्रकरण माझ्याकडे आलं. जखम भरायची म्हणजे शरीराला नवं मांस तयार करावं लागतं. त्याला प्रथिनं लागतात, फळांतून मिळणारं क जीवनसत्त्व लागतं, भरपूर पाणी लागतं. आणि पोटभर खाणं तर लागतंच, कारण ते मिळालं नाही की शरीर स्वतःचेच स्नायू मोडून चूल पेटती ठेवतं. मी काकांचं वजन घेतलं, गणित मांडलं आणि त्यांना दिवसाला सत्तर ग्रॅम प्रथिनं मिळतील असा तक्ता केला. सकाळी दोन उकडलेली अंडी, दुपारी मासा, संध्याकाळी डाळीचं घट्ट सूप, मधे दूध, दही, एक संत्रं. तक्ता इतका सुबक झाला होता की मी तो दोनदा वाचून काढला.

दोन आठवड्यांनी काकांचं वजन दीड किलोनं कमी भरलं. नोंदवहीत मात्र रोज एकच शेरा: ताट पूर्ण संपवलं.

मी हबकलेच. रक्त तपासायला पाठवलं. पचनाचा काही आजार असेल का, म्हणून डॉक्टरांशी बोलले. त्या दिवशी न्याहारीनंतर भांडी धुण्याच्या खोलीबाहेर तक्ता हातात घेऊन उभी होते, तेव्हा ताटमावशींनी गाडी थांबवली.

"बारा नंबरचं बघताय का, मॅडम?"

"हो. एवढं खातात, तरी अंगाला लागत नाही."

"खातात कुठं?" मावशी म्हणाल्या. "ताट रिकामं येतं, चमचा कोरडा येतो."

मला काही कळेना. मावशींनी गाडीतून बारा नंबरचा चमचा उचलून माझ्यापुढे धरला. लख्ख. सकाळी कागदात गुंडाळून दिला होता तसाच.

"आणि हे बघा," म्हणून त्यांनी अकरा नंबरचं न्याहारीचं ताट दाखवलं. तिथं एक ट्रक ड्रायव्हर होता, पाय वजन लावून टांगलेला. "याला अंडं एक. टरफलं तीन अंड्यांची. आज आठवडाभर तीनच आहेत. पाण्याचा जगही बारा नंबरचा सकाळी भरला की संध्याकाळी तेवढाच. मी सिस्टरना सांगणार होते, पण म्हटलं आधी खात्री करावी. उगाच कुणाच्या नावानं बोंब नको."

मी तडक ड्रायव्हरकडे गेले. खाटेला खिळलेला माणूस महिन्याभरात गालांनी गरगरीत झाला होता, हे रोज बघूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. विचारल्यावर त्याचे कान लाल झाले.

"मॅडम, शपथेवर सांगतो, मी मागितलं नाही. काका म्हणाले, मला वास सहन होत नाही, तू खा. मला वाटलं, वाया जाण्यापेक्षा..."

काका डोळे मिटून पडले होते. झोपलेले नाहीत हे कळत होतं. मी त्यांना प्रथिनांचं महत्त्व समजावून सांगायला सुरुवात केली. टाचेच्या जखमेचं सांगितलं, स्नायूंचं सांगितलं. ते सगळ्याला "बरं बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी अकरा नंबरच्या ताटात टरफलं पुन्हा तीन अंड्यांची.

"तुम्ही छान सांगितलंत," ताटमावशी म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. "पण त्यांना ते ठाऊकच आहे. न खाण्याचं कारण तोंडात नाही. मी विचारून बघू का?"

मी हो म्हटलं. मावशींनी न्याहारीची गाडी रिकामी केली, फडकं घेतलं आणि काकांच्या शेजारचं छोटं कपाट पुसायला लागल्या. मी पलीकडच्या खाटेशी उभी राहून कागद चाळल्याचं नाटक करत होते.

"काका, एक विचारू?" मावशी फडकं फिरवत म्हणाल्या. "माझे वडील शेवटी सहा महिने पडून होते. पाणीसुद्धा नको म्हणायचे. पाणी प्यायलं की लघवीचं भांडं मागावं लागतं ना, त्याची लाज."

 काका छताकडे बघत हळूच म्हणाले, "सिस्टर माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची आहे. पोरगी चांगली आहे, तोंड वाकडं करत नाही. पण मलाच मेल्याहून मेल्यासारखं होतं. कमी खाल्लं की कमी वेळा हाक मारावी लागते."

"आणि पोट साफ होत नसेल."

"चार-चार दिवस नाही. मग भूकही मरते."

"मरणारच," मावशी म्हणाल्या. "घास तोंडात गेला म्हणजे जेवण संपलं असं थोडंच आहे? पार बाहेर पडेपर्यंत सगळं जेवणच."

मी पाच वर्षं शिकले होते. माणसाच्या पोटात अन्नाचं काय होतं हे टप्प्याटप्प्यानं सांगू शकत होते. पण ताटात काय घालायचं हे ठरवताना ते अन्न बाहेर पडताना माणसाला काय वाटेल, हा विचार मी एकदाही केला नव्हता. मावशींनी तो कपाट पुसता पुसता केला.

पुढची व्यवस्थाही त्यांनीच सुचवली. वॉर्डात एक मामा होते, पिकल्या मिशांचे, रुग्णांना उचलून खुर्चीत बसवायचं काम करणारे. मावशी त्यांच्याकडे गेल्या. ठरलं असं की मामांनी सकाळी सातला आणि दुपारी जेवणानंतर स्वतःहून बारा नंबरपाशी जायचं, पडदा ओढायचा आणि काकांना चाकाच्या शौचाच्या खुर्चीत बसवायचं. काकांनी हाक मारायचीच नाही. सिस्टरना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला सांगायला हवं होतं त्यांनी. मी काही रागावले नसते." मग त्यांनीच मामांच्या वेळा फळ्यावर लिहिल्या.

पहिले दोन दिवस काकांनी नुसतं पाणी वाढवलं. तिसऱ्या दिवशी एक अंडं खाल्लं. मावशी म्हणाल्या, भूक सकाळी चांगली असते, संध्याकाळचं सूप सकाळी द्या. मी तक्ता बदलला. ताट मोठं दिसलं की काका दबतात, म्हणाल्या, तेव्हा मी दिवसाच्या तीन ताटांची पाच छोटी ताटं केली. ड्रायव्हरला कुणी सांगितलं नव्हतं, तरी तो राखणदार झाला. "काका, दही राहिलंय," म्हणून ओरडायचा, आणि स्वतःला अंडं एकच मिळतं याची कुरकुरही तितक्याच मोठ्यानं करायचा.

तीन आठवड्यांनी काकांचं वजन पावणेदोन किलोनं वाढलं. सिस्टर कागदी पट्टीनं जखम मोजत. चार सेंटिमीटरची अडीच झाली, मग दीड. तळाशी लालसर, ओलसर नवं मांस दिसायला लागलं. डॉक्टरांनी ते बघून मला म्हटलं, "छान केलंत." मी त्यांना मावशींचं नाव सांगितलं. ते चष्मा सारखा करत म्हणाले, "ताटवाल्या? बरं," आणि पुढच्या खाटेकडे गेले. मी त्यांच्या मागे जाऊन सगळी हकिगत सांगितली. या वेळी ते थांबून ऐकत राहिले, आणि राउंड संपल्यावर स्वतः भांड्यांच्या खोलीत गेले. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "नळ गळतोय सांगितलं. दुरुस्त करून देतो म्हणाले."

काका सातव्या आठवड्यात वॉकर धरून घरी गेले.

आता माझ्या हाताखाली नवे आहारतज्ज्ञ येतात. पहिले तीन दिवस मी त्यांना तक्ता करू देत नाही. ताटमावशींच्या गाडीमागे पाठवते. परवा एक मुलगी जरा नाखुशीनंच गेली. दुपारी परत आली ती घाईघाईनं, हातात वही.

"मॅडम, चार नंबरच्या आजी फक्त डाव्या बाजूचं खातात. उजवीकडच्या वाट्यांना हातच लावत नाहीत. मावशी म्हणाल्या, डोळे तपासायला सांगा."

मी फोन उचलला आणि डोळ्यांच्या विभागाचा नंबर फिरवला.