एकतीस वेळा ‘इतर’

“यात इतकं ‘इतर’ का आहे?” मॅनेजर मॅडमनी माझा तक्ता टेबलावर पसरला आणि पेन्सिलीनं मोजायला सुरुवात केली.

बाबा समोर उभा. मी त्याच्या मागे, शाळेच्या गणवेशात, अजून हसतच होते. कारण तक्ता भारीच झाला होता! वर गडद पट्टी, चार रकाने, एक ओळ वाकडी नाही.

बाबा लिफ्ट दुरुस्त करतो. कामाची टिपणं फोनमध्ये ठेवतो. नुसता साधा मजकूर, पण शिस्तीचा. चांदणी काढली की नवी लिफ्ट, खाली आडवी रेघ म्हणजे तिचं दुखणं, बाण म्हणजे इलाज. एका मोठ्या दवाखान्याच्या सहा लिफ्ट देखभालीसाठी बाबाच्या कंपनीकडे आल्या होत्या. त्यांचं काम बाबाला द्यायचं की दुसऱ्या मेकॅनिकला, हे वर्षभराच्या नोंदी बघून ठरणार होतं, आणि नोंदी कंपनीच्या तक्त्यातच हव्या होत्या.

“एवढंच ना?” असं म्हणून खुणा ओळखणारा, ओळी आपापल्या रकान्यात टाकणारा प्रोग्रॅम मी एका रविवारी लिहून टाकला. बाबा शेजारी बसून बघत होता. “अगं, शेंगा सोलल्यासारखं टपाटप पडतंय की!”

एक गोष्ट मात्र मी त्याला सांगितली नाही. कंपनीच्या तक्त्यात दोषांची आठच नावं होती: आवाज, धक्का, दिवा, अशी. आणि बाबा काय लिहितो? ‘दुसऱ्या मजल्यावर उचकी लागते.’ ‘दार रुसलंय.’ ‘सकाळी कण्हते, ऊन चढलं की गप्प. दोरावर लक्ष ठेवणे.’ वाचून मला कसंतरीच झालं. ऑफिसातले लोक बाबाला हसतील, असं वाटलं. खरं सांगू? मला हसतील असं वाटलं. उचकी म्हणजे धक्का, कण्हणं म्हणजे आवाज, एवढं प्रोग्रॅमला शिकवायला दहा मिनिटं पुरली असती. मी एकच ओळ लिहिली: यादीत नसेल ते सगळं ‘इतर’.

“एकतीस,” मॅडम म्हणाल्या. “शेहेचाळीसपैकी एकतीस. अहो, वर्षभर काय केलंत ते तुम्हालाच ठाऊक नाही होय?”

खिडकीपाशी बसलेला दुसरा मेकॅनिक खुदकन हसला. “दवाखान्यात पेशंटला पण ‘इतर’ मजल्यावर उतरवेल हा!”

बाबानं कागद उचलला. त्याचा अंगठा ओळीओळीनं खाली सरकत गेला. येताना रस्ताभर त्याचं एकच पालुपद होतं, “मॅडमना सांगणारे मी, तक्ता माझ्या लेकीनं केलाय.”

“कुणी केलंय हे?” मॅडमनी विचारलं.

“मीच,” बाबा म्हणाला. “मला कॉम्प्युटरचं तितकंसं जमत नाही.”

त्याचा फोन माझ्या दप्तरात होता, मूळ टिपणांसकट. काढायचा आणि वाचून दाखवायचं, बस्स. वर्गात मी न विचारता बोलते, बाईंनाही दुरुस्त करते. पण ‘दार रुसलंय’ हे त्या खोलीत मोठ्यानं म्हणायचं? मी माझ्या बुटांकडे बघत राहिले. तेवढ्यात सहाही लिफ्ट दुसऱ्याच्या नावावर गेल्या.

बाहेर आल्यावर मी कशीबशी म्हणाले, “बाबा, ते माझ्यामुळे झालं.”

“असू दे गं. तक्ता दिसत होता मात्र झकास.”

ऑफिसची लिफ्ट आली. दार अर्धं मिटलं, थबकलं, परत उघडलं. मग पुन्हा तेच. बाबानं चौकटीला कान लावला. मग माझ्याकडे वळला. राग नाही, टोमणा नाही; अगदी शिकायला बसल्यासारखा चेहरा.

“याला काय लिहायचं गं, नीट भाषेत?”

आठही नावं मला तोंडपाठ होती. दार अर्धं मिटत होतं, उघडत होतं, आणि बाबा माझ्या उत्तराची वाट बघत उभा होता.