सोपानरावांची सहा वाट्यांची पेटी

मी एक जुना सागवानी गल्ला आहे, मित्रांनो. दुकानात पैसे टाकायची लाकडी पेटी असते ना, तीच मी. पलूसच्या पेठेत सोपानरावांचं किराणा दुकान आहे. त्यांच्या गादीशेजारी मी अठरा वर्षं बसलो. आज माझ्या पोटात सुतळीचे तुकडे आणि गंजलेले खिळे आहेत. त्याचं मला दुःख नाही. माझं दुःख दुसरंच आहे, आणि ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझं लाकूड पाटणच्या बाजूचं. कोंडीबा सुतारानं मला घडवलं. साधी पेटी करून दिली असती तरी चाललं असतं, पण कोंडीबाचा हातच असा की काम सुंदर झाल्याशिवाय खाली ठेवायचा नाही. त्यानं माझ्या पोटात सहा गोल वाट्या कोरल्या. प्रत्येक नाण्याची वाटी वेगळी. काठ इतके गुळगुळीत केले की बोट फिरवलं तर लोण्यावरून फिरल्यासारखं वाटावं. सोपानरावांनी मला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि म्हणाले, "लक्षुमीचं घर झालं बघा."

सोपानराव मोठे भाविक. मारुतीच्या देवळात कीर्तन असलं की ते बुवांच्या मागं टाळ घेऊन उभे. सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं, भवानी झाली, की ते पहिलं नाणं कपाळाला लावायचे, डोळ्यांना लावायचे आणि मग हळूच माझ्या वाटीत सोडायचे. सगळेच दुकानदार असं करतात. पण चौऱ्याहत्तर सालापासून सोपानराव भवानीचंच नव्हे, प्रत्येक नाणं डोळ्यांना लावू लागले. दुपारी, संध्याकाळी, भर बाजाराच्या गर्दीतसुद्धा. नाणं डोळ्यांशी नेऊन क्षणभर थांबायचे आणि मग वाटीत टाकायचे.

पेठेत बोलबाला झाला. रंगूबाई रोज चहापत्तीची पुडी न्यायला यायची. ती म्हणायची, "आबा, तुमच्या हातनं सुटं घ्यायला बी पुन्य लागतंय बघा. आमचा म्हातारा पैसं दिसलं की देवाला इसरतो, तुमी उलटं!"

सोपानराव हसायचे. पण मित्रांनो, खरं काय ते मला एकट्याला ठाऊक होतं. ती पूजा नव्हती. सोपानरावांना नाणं दिसत नव्हतं. डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं तरच त्याचा आकार कळायचा.

पुढं तेही कळेना. मग ते बोटांवर आले. पाच पैशाचं चौकोनी, दहाचं कातरलेल्या कडेचं, तिनाचं सहा कोनांचं. अंगठा फिरवला की ओळख पटायची. नोटा ते बोटांच्या लांबीवर मोजायचे. सुटे पैसे द्यायचे तर माझ्या वाट्या होत्याच. डावीकडून तिसरी, उजवीकडून पहिली. बोटं बरोबर जायची, एकदाही चूक व्हायची नाही. मला केवढा अभिमान वाटायचा! वाटायचं, कोंडीबानं मला याच कामासाठी घडवलं.

एके दिवशी सकाळी त्यांनी झाकणावर हात ठेवला आणि पुटपुटले, "आज जोतीला सांगतो. डोळं दाखवाया पाहिजेत."

जोतीराम म्हणजे त्यांचा मुलगा, फौजेत होता. त्याला पत्र लिहायला ते सुनेला, शालूबाईला सांगणार होते. पण त्याच संध्याकाळी देवळात कीर्तन होतं. आणि बुवांनी, भल्या मनाच्या माणसानं, रंगात येऊन सगळ्या सभेपुढं म्हटलं, "देव कुठं शोधता? आपल्या पेठेतले सोपानराव बघा! पैशातसुद्धा देव पाहणारा माणूस तुमच्या शेजारी बसतो!" सभेनं टाळ्या वाजवल्या. दोन म्हाताऱ्या उठून त्यांच्या पाया पडल्या.

दुसऱ्या दिवशी सोपानराव माझ्यापाशी येऊन बसले. मग हळूच म्हणाले, "आता कसं सांगू रं? म्हनतील, सोंग केलं म्हाताऱ्यानं." पत्र राहिलंच.

मग शहात्तर साली जोतीराम फौजेतून कायमचा घरी आला. तिथं तो भांडारात होता, सगळं नोंदलेलं, शिस्तीचं बघायची सवय. मंगळवारच्या बाजाराची गर्दी बघून त्यानं पहिल्याच महिन्यात ठरवलं की आता नवा गल्ला हवा. सांगलीचा एक व्यापारी टेम्पोतून दोन नग घेऊन दारात आला. एक पोलादी खण, कुलूप-घंटीवाला. दुसरं खटक्यांचं यंत्र. मुंबईच्या कुठल्या लिलावातून आणून दुरुस्त केलेलं. खटका दाबायचा, दांडा ओढायचा, वर काचेत आकडा उभा राहायचा आणि खण आपोआप उघडायचा.

"आबा, दुकान तुमचं हाय. तुमीच निवडा," जोतीराम म्हणाला. "का हाच लाकडी ठेवायचा? तसं बी सांगा."

सोपानरावांनी माझ्यावर हात ठेवला. मग हात उचलला, पुढं झाले, चाचपत त्या यंत्राच्या खटक्यांवरून बोटं फिरवली. सगळे खटके एकसारखे गोल. बोटाला काही म्हणजे काही कळणार नाही असे.

"ह्येच घे," ते म्हणाले.

मला तेव्हा काय वाटलं ते कसं सांगू? अठरा वर्षांची सोबत, आणि एका शब्दात मला मागच्या कोठारात गुळाच्या ढेपांशेजारी नेऊन ठेवलं.

कोठाराच्या भिंतीपलीकडचं मला सगळं ऐकू यायचं. पहिल्या दिवसापासून घोळ सुरू झाला. साठ पैशांऐवजी सहा रुपये उठायचे. खणात नाणी सगळी एकत्र, सुटे पैसे चुकायचे. आठव्या दिवशी रंगूबाईच ओरडली, "आवं आबा, ह्ये काय दिलंसा? माजं पैसं कमी हायती!"

जोतीरामचा तोल गेला. भरल्या दुकानात तो बोलला, "आबा, मुद्दाम करताय व्हय? यंत्र नगं हुतं तर निवडलं कशाला? लोकांत हसं करताय माजं!"

सोपानराव गादीवरून उठले. भिंत धरत धरत आत आले, माझ्याजवळ जमिनीवर बसले. माझं झाकण उघडून रिकाम्या वाट्यांत बोटं फिरवू लागले. पहिली, दुसरी, तिसरी.

तेवढ्यात शालूबाई गूळ काढायला आली. भर दुपारची वेळ, दारातून ऊन थेट आत पडलेलं. ती सासऱ्यांसमोर दोन हातांवर उभी राहिली. त्यांचं तोंड तिच्याकडंच होतं.

"कोन हाय?" त्यांनी विचारलं.

तिनं तोंडाला पदर लावला. मग खाली बसून म्हणाली, "म्या हाय, आबा. शालू. तुमाला... कवापास्नं दिसत न्हाई?"

"दोन वर्सं झाली, पोरी."

दुसऱ्याच दिवशी त्यांना मिरजेला नेलं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, आतली नस वाळली. दोन वर्षांपूर्वी आणलं असतं तर नुसत्या थेंबांवर नजर टिकली असती. आता गेलेली नजर परत येणार नाही.

परत आल्यावर जोतीराम सोपानरावांना घेऊन कोठारात आला. मला उचललं. धुळीनं माखलेल्या माझ्या अंगावर त्याचे अश्रू पडत होते. "आबा, चुकलं माजं. ह्यो गल्ला पुन्यांदा म्होरं ठेवतो. तुमी बसा गादीवर."

"न्हाई रं," सोपानराव म्हणाले. "यंत्रच असू दे. मी त्ये निवडलं त्येच मुळी चुका व्हाव्यात म्हून. मला तोंडानं बोलायचं धाडस व्हईना, तवा म्हनलं, ह्ये यंत्र तरी मला पकडंल. आठ दिसांत पकडलं बग त्यानं. ह्या लाकडी गल्ल्यानं लय माया केली माज्यावर. दोन वर्सं झाकून ठिवलं."

मित्रांनो, त्यांनी ते रागानं म्हटलं नाही. प्रेमानंच म्हटलं. पण त्या दिवशी मला कळलं की ज्या वाट्यांचा मी तोरा मिरवला, त्यांनीच माझ्या धन्याची लाज राखली आणि डोळे घालवले. माझ्यात सहा वाट्या नसत्या तर तो पहिल्याच आठवड्यात चुकला असता, पकडला गेला असता, आणि आज त्याला पुढं जन्मलेल्या नातवाचं तोंड दिसलं असतं.

मी लाकूड. मला बोलता आलं नाही. तुम्हाला बोलता येतं. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस वस्तू फार जवळ नेऊन बघत असेल, जिन्यावर पाय चाचपत असेल, तर त्याचं कौतुक करू नका आणि हसूही नका. जवळ जाऊन बसा. विचारा, "आबा, नीट दिसतं ना तुमाला?" आमच्या दुकानात दिवसाला शंभर माणसं यायची, मित्रांनो. दोन वर्षांत कितीतरी जण सोपानरावांच्या पाया पडले. हे एवढं मात्र कुणीच विचारलं नाही.